स्वस्तातला भयपट चांगला की टुकार, हे ठरवायचं कशावरून?

रातकिडा

परवा भाचा राहायला आला होता, बारावीची परीक्षा आटोपून. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी 'पुराना मंदिर' लावला. रामसे बंधूंचा, १९८४चा. पहिल्या अर्ध्या तासात पोरगा सारखा हसत होता. सामरी नावाच्या सैतानाच्या मेकअपला हसला, लाल-निळ्या प्रकाशाला हसला. मग सैतानाचं धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे पेटीत बंद, ही भानगड त्याच्या लक्षात आली. फोन उलटा ठेवून त्यानं विचारलं, "मामा, दोन्ही एकत्र आलं की संपलं ना सगळं?" पुढचा बराच वेळ तो त्या पेटीची वाट बघत बसला होता.

या कल्पनेला पैसे लागत नाहीत. लिहिणाऱ्याला एक वाक्य लागतं, आणि त्या एका वाक्यावर प्रेक्षक तासभर धास्तावून बसतो. पण त्याच सिनेमात मधेच विनोदी नट जगदीप येतो, 'शोले'ची नक्कल सुरू होते, आणि जमवलेली भीती हातातून निसटते. भाचा परत फोनमध्ये. म्हणजे एकाच सिनेमात मोठा गुण आणि मोठा दोष, आणि दोन्हींचा पैशांशी थेट संबंध नाही.

म्हणून हा धागा काढतोय. "कमी पैशात केलाय, सांभाळून घ्या" हे मला पटत नाही. "कमी पैशातला म्हणजे भिकार" हे तर मुळीच पटत नाही. माझा निकष असा: पैसे नाहीत म्हटल्यावर करणाऱ्याला नवीन काय सुचलं? आणि ज्या गोष्टींना पैसे लागतच नाहीत, त्या तरी त्यानं नीट केल्या का?

मी अंधेरीत एका छोट्या स्टुडिओत आवाजाचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे आधी आवाजाबद्दल सांगतो. स्वस्तातले बहुतेक भयपट नेमके तिथेच मरतात.

शूटिंग आटोपलं की त्या जागेची शांतता वेगळी रेकॉर्ड करून घ्यायची असते. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, तीस सेकंद, फार तर एक मिनिट. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. फ्रीजची घरघर, खिडकीबाहेरचं झाड, भिंतीपलीकडचं पाणी. संकलनात दोन वाक्यांच्या मधे हीच शांतता अंथरायची असते. पण शिफ्ट संपत आलेली, जनरेटरवाला घड्याळ दाखवतोय, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय. अशा वेळी तीस सेकंद गप्प उभं राहा म्हणणाऱ्या साउंडवाल्याकडे सगळे शत्रू असल्यासारखे बघतात. मग तो टोन घेतलाच जात नाही.

पुढे सिनेमा आमच्याकडे येतो. दोन संवादांच्या मधे शांतता नसते, भोक असतं. आवाज चक्क तुटतो, स्पीकर बंद पडल्यासारखा. ते भोक बुजवायला दिग्दर्शक म्हणतो, "म्युझिक टाका." एकदा टाकलं की सगळीकडे टाकावं लागतं. असा सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत गप्पच बसू शकत नाही. आणि ज्याला गप्प बसता येत नाही तो घाबरवणार कसा? मग उरतो फक्त दचका: कानाशी धाडकन झांज वाजवायची. दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचकलेला माणूस पुढच्या क्षणी सावरतो. घाबरलेला माणूस रात्री बाथरूमला जाताना पॅसेजचा दिवा लावतो.

तुम्ही कशावरून तोलता? दोषांबद्दलही मोकळेपणानं लिहा.

गिरणगाव

रातकिडा, उत्तम धागा. मी रामसेंचे सिनेमे ते लागायचे तेव्हा थेटरात पाहिलेत, ग्रँट रोडच्या थेटरांत, रात्रीच्या खेळाला. त्यामुळे मी थोडा त्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचा सिनेमा स्वस्त का व्हायचा, हे नव्या मंडळींना ठाऊक असावं. वडील फत्तेचंद रामसिंघानी, फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान. मुलगे सात. वडिलांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' १९७०मध्ये पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला जातात तो प्रसंग आला की प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकून बसतात, हे पोरांनी थेटरात बसून पाहिलं. अख्ख्या पडलेल्या सिनेमातला उभा राहिलेला तुकडा त्यांनी उचलला आणि १९७२मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. शूटिंग महाबळेश्वरला, घरचे आणि कलाकार सगळे एकत्र मुक्कामाला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाला, कुमार लिहिणार. त्याआधी या भावांनी काश्मीरमध्ये हाउसबोटीवर राहून जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकातून धडे गिरवले होते. घरातलीच माणसं म्हटल्यावर पगाराचा प्रश्न नाही, सेट उभारायचा नाही, असलेला जुना बंगला नाहीतर राजवाडा भाड्यानं घ्यायचा.

जगदीपबद्दल तुमचं बरोबर आहे. पण वितरकाला लहान गावांत सिनेमा विकायचा होता. गाणी पाहिजेत, मारामारी पाहिजे, हसू पाहिजे. भीतीवर एकटीवर पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. ही अडचण त्यांच्या हातातली नव्हती, एवढं धरून मार्क द्या.

आणि एक. थेटरात जगदीप आला की लोक हसायचे, विडी पेटवायचे, सैल व्हायचे. मग दरवाजा करकरला की अख्खं थेटर एकदम चिडीचूप. ते सैल होणं घरी सोफ्यावर कळत नाही.

धुकं

माझं मत वेगळं आहे.

आपण सगळे करणाऱ्याच्या अडचणी मोजतोय. बघणाऱ्याची अडचण कोण मोजणार? मल्टिप्लेक्समध्ये चारशे कोटींच्या सिनेमाला जे तिकीट, जवळपास तेच तुमच्या ऐंशी लाखांच्या भयपटाला. मला कोणी तिकिटावर "बजेट कमी होतं" म्हणून सूट देत नाही. मग मी का द्यावी?

आणि खरे दोष पैशांचे नाहीतच, हे तुम्हीच म्हणालात. ते नावं घेऊन सांगतो. एक म्हणजे बाईचा वापर. अंघोळीचा प्रसंग, भिजलेली साडी, मग किंकाळी. पोस्टरवर भूत कमी आणि ती जास्त. हे पैसे वाचवायला केलेलं नाही, विकायला केलंय. दुसरं, कोणाला भूत करतात ते बघा. चेहरा भाजलेला माणूस, कुबड असलेली म्हातारी, मूल नसलेली बाई, जंगलात राहणारा आदिवासी. ज्यांना लोक आधीच हिडीसफिडीस करतात त्यांच्याच चेहऱ्यावर हिरवा दिवा मारायचा आणि घाबरा म्हणायचं. मला याचा राग येतो. माझ्या आजीच्या पाठीला बाक होता. वाडीतली पोरं तिला सिनेमातल्या चेटकिणीच्या नावानं हाक मारायची आणि ती हसून सोडून द्यायची. मला ते हसणं अजून आठवतं.

उंबरठा

धुकं, आजीबद्दल वाचून थांबले जरा. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. यात बजेटची सबब कुणीच सांगू नये.

पण याच्या उलटही झालंय, म्हणून 'लपाछपी'चं नाव घेते. विशाल फुरिया यांचा, २०१७मध्ये थेटरात आला, पूजा सावंत आणि उषा नाईक. पुढे त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला. त्यात मोजकी माणसं, एक घर आणि सभोवार ऊस. माझं माहेर कोल्हापूरकडचं, म्हणून सांगते: वाढलेल्या उसात शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही, भर दुपारी सुद्धा. वारा नसला तरी पाचट सळसळत राहतं. आपण हललो म्हणून वाजलं की दुसरं कोणी हललं, हे कळत नाही. लहानपणी आम्हाला उसात एकटं जायची बंदी होती, त्यात रानडुकराची भीती किती आणि माणसाची किती हे मोठी झाल्यावर समजलं. त्या सिनेमानं हा ऊस ओळखला. अंधार विकत घ्यायची गरजच पडली नाही. आणि पोटुशी बाई तिथे घाबरवायला नाही, तिच्या बाजूनं आपण घाबरतो. भीती कुणाची आणि कशाची, हे तिथे चोख आहे.

दोषही सांगते. शेवटी शेवटी सिनेमा आपल्याला समजावून सांगायला लागतो. जे उसानं आधीच सांगितलं होतं ते माणसांच्या तोंडून पुन्हा ऐकावं लागतं. तेवढा भाग मला जड गेला.

फ्रेमबाहेर

मी कॅमेरा असिस्टंट आहे. रातकिडा आवाजाबद्दल बोलले, मी दिसण्याबद्दल बोलतो.

तीन वर्षांपूर्वी मढला एका बंगल्यात भयपटाचं काम होतं. निर्मात्याचं नाव घेत नाही, सिनेमाचंही नाही. भुतासाठी लॅटेक्सचा चेहरा बनवून आणला होता. बनवणारा पोरगा होतकरू होता, पण त्याला पाच दिवस मिळाले होते. जबड्याखाली, कानाच्या मागे कड उचललेली दिसत होती. दमट हवा, घाम, गोंद धरत नव्हता. रात्री दोन वाजता आमच्या कॅमेरामननी सगळे पुढचे दिवे बंद केले आणि पॅसेजच्या टोकाला, दाराच्या मागे, एकच दिवा ठेवला. भूत उंबऱ्यात उभं. चेहरा पूर्ण काळा, फक्त केसांच्या कडेला आणि एका खांद्यावर उजेडाची रेघ. डोकं किंचित वाकडं. मॉनिटरवर बघताना चहावाला पोरगा मागे सरकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

निर्माते आले. म्हणाले, "चेहरा कुठाय?" सांगितलं, असा जास्त चांगला दिसतोय. म्हणाले, "बारा हजार दिलेत त्या चेहऱ्याचे. दिसला पाहिजे." दिवे परत लागले. सिनेमात तो चेहरा आठ सेकंद समोरून दिसतो, कडेसकट. थेटरात लोक हसले.

म्हणून माझा निकष सोपा आहे. जे नीट बनवता आलं नाही ते दाखवू नका. लपवण्यात लबाडी नाही, ती कारागिरी आहे. १९७८च्या 'हॅलोविन'चा तो गाजलेला मुखवटा म्हणजे दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंग मारलेला. कपड्यांच्या वाळत घातलेल्या चादरींमागे, झुडपाच्या कडेला, खिडकीबाहेर, अर्धवट, लांबून दाखवला. सॅम रेमी यांनी 'ईव्हिल डेड'ला महागडं यंत्र परवडत नव्हतं म्हणून लांब फळीवर कॅमेरा बसवला आणि दोघांनी दोन टोकं धरून जंगलातून धूम ठोकली. ती धावती, डचमळती नजर हेच त्यातलं भूत झालं. आपल्याकडे पैसे नाहीत म्हटलं की कॉम्प्युटरवर केलेला धूर येतो. तो धूर कधीही कशालाच चिकटत नाही, सगळ्यांच्या अंगावरून तरंगत जातो.

एक नवीन दुखणंही सांगतो. आता कॅमेरे अंधारात बरंच बघतात, त्यामुळे रात्र स्वस्त झाली. पण दिवे न लावता शूट केलेली रात्र काळी नसते, करडी असते. त्यात खोली नसते. अंधारासाठी सुद्धा एक दिवा नीट ठेवावा लागतो, नाहीतर अंधार कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

रातकिडा

फ्रेमबाहेर, तुमचा पॅसेजवाला प्रसंग वाचून पोटात कालवलं. तो शॉट कुठे जपून ठेवलाय का कुणी?

धुकं, तिकिटाचा मुद्दा मान्य. सूट मागणं चूक, मीही मागू नये. स्त्रिया आणि अपंग माणसांबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं.

उंबरठा, ऊस पाचटासकट लिहिलात, तो कानाला ऐकू आला.

गिरणगाव काका म्हणतात त्या वितरकाच्या अडचणीवर एक उदाहरण देतो. १९४२, अमेरिका, आरकेओ स्टुडिओ. निर्माते व्हॅल ल्यूटन यांना वरून नाव ठरवून मिळायचं आणि दीड लाख डॉलरच्या आतलं बजेट. 'कॅट पीपल' हे नावच हातात टेकवलं, आता त्यावर सिनेमा करा. त्यांनी आणि दिग्दर्शक जॅक टूर्नर यांनी जवळजवळ सगळं सावल्यांवर आणि आवाजावर तोललं. एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेनं चालत्येय. मागून दुसरीच्या टाचांचा आवाज. मग मागच्या टाचा वाजायच्या बंद होतात. एवढंच. ती घाबरून वळून बघते, रस्ता रिकामा. आणि अचानक फिस्सकन जनावर अंगावर आल्यासारखा आवाज. ती बस असते, थांब्यावर येऊन थांबलेली. आजही अशा फसव्या दचक्याला ल्यूटनची बस म्हणतात. पण लोक त्यातली बसच तेवढी उचलतात. खरी कामगिरी टाचा थांबण्याची आहे. आवाज बंद होण्यानं घाबरवलंय, आणि तो बंद झाला हे कळायला आधी तो नीट ऐकवावा लागतो. आमच्या भोक पडलेल्या ट्रॅकवर हे करताच येत नाही, हेच मला सांगायचं होतं.

दुसरं उदाहरण 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'. ओरेन पेली यांनी स्वतःच्याच घरात, आठवडाभरात, पंधरा हजार डॉलरच्या आसपास. झोपायच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेला कॅमेरा, आकडे पळतायत, दोघं झोपलेत. काही घडायच्या आधी एक खोल घुमणारा आवाज सुरू होतो, लांबून ट्रक यावा तसा. तिसऱ्या रात्रीपर्यंत आपले कान शिकतात आणि पुढे नुसत्या घुमण्यानंच घसा कोरडा पडतो. प्रेक्षकाला शिकवायला वेळ दिलाय. वेळ फुकट असतो.

गिरणगाव

वेळ फुकट नसतो हो, शिफ्टला पैसे पडतात. पण पडद्यावरचा वेळ म्हणत असाल तर कबूल.

उंबरठा

जपानचा 'वन कट ऑफ द डेड' कुणी पाहिलाय का? २०१७चा, शिनिचिरो उएदा यांचा, तीस लाख येन. पहिली सदतीस मिनिटं एकच अखंड शॉट. बघताना वाटतं काय हा गचाळपणा: मधेच विचित्र थांबतात, कॅमेरा जमिनीवर पडतो, कुणीतरी उगाच बाहेर निघून जातं. मी बंद करणार होते. नवरा म्हणाला, थांब जरा. पुढे काय होतं ते सांगत नाही. पण त्यानंतर मला कुठल्याही स्वस्त सिनेमातली चूक दिसली की त्या चुकीच्या पलीकडे उभी असलेली माणसं दिसतात, कॅमेरा खांद्यावर घेऊन धापा टाकणारी. धुकं, तुम्ही हा बघाच. सूट मागत नाहीये.

धुकं

बघितला. काल रात्री, मेट्रोत सुरू केला आणि घरी जिन्यात उभा राहून संपवला. उंबरठा, आभार. यात गरिबी लपवली नाही आणि तिच्यावर दयाही मागितली नाही. माझं तिकिटाचं म्हणणं कायम आहे, पण या सिनेमाला मी पूर्ण तिकीट आनंदानं देईन.

पहिला_मजला

नमस्कार. गेले आठ दिवस धागा वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. आम्ही तिघं मित्र गिरगावात आमच्याच चाळीत नऊ मिनिटांचा भयपट करतोय, फोनवर. आतापर्यंत अकरा हजार खर्च झालाय, त्यातले चार वड्यांचे आणि चहाचे. गोष्ट अशी की मधली खोली गेली वीस वर्षं कुलूपबंद आहे आणि शेजारच्या खोलीतल्या बाईला भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासल्याचा आवाज येतो. भूत दाखवत नाही. रातकिडा दादा, रूम टोनचं वाचून धडकी भरली कारण आम्ही तो घेतलाच नाही. आता काय करू?

रातकिडा

भांडी घासल्याचा आवाज! किती सुंदर. आणि तुमच्या गोष्टीला बंद खोली मिळालीय, ती हातची घालवू नका.

घाबरायचं काही नाही, जागा घरचीच आहे. परत जा. शूट केलं त्याच वेळी जा, म्हणजे रात्री. फोन तिपाईवर ठेवा, हातात धरू नका, कपडे सरसरतात. विमान मोडवर टाका. दोन मिनिटं पंखा बंद करून घ्या आणि दोन मिनिटं पंखा चालू ठेवून. मग तेच गॅलरीत. भांड्यांचा आवाज स्वयंपाकघरात जवळून घेऊ नका. कुणालातरी पलीकडच्या खोलीत बसवा, दार लावा, आणि फोन भिंतीशी धरा. पितळी पातेलं आणि राख किंवा माती मिळाली तर उत्तम, स्टीलला तो खरखरीतपणा येत नाही. भिंत मधली किणकिण खाऊन टाकेल आणि नुसती घासघास उरेल. संगीत शेवटपर्यंत टाकू नका. आधी मला पाठवा.

फ्रेमबाहेर

कुलपावर एक दिवा बाजूनं ठेवा, कमी उंचीवर. गंज दिसेल. दार पूर्ण उजळू नका.

उंबरठा

बाईला शेवटी वेडी ठरवू नका, एवढीच विनंती.

पहिला_मजला

काल रात्री अडीचला उठून केलं. आजीकडे पितळेचं पातेलं निघालं, माती कुंडीतली घेतली. भावाला पलीकडे बसवलं. ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला, आणि आत भाऊ बसलाय हे मला ठाऊक होतं.

गॅलरीतल्या टोनमध्ये मात्र एक घोळ झालाय. सगळं ठीक आहे, टाकीत पाणी पडतंय, खाली गल्लीत कुत्रं एकदा भुंकतं, पण एक मिनिट दहा सेकंदांवर तळमजल्यावरचे आजोबा खोकले. नंतर त्यांनी कूस बदलली की काय, खाट वाजली. ते कापायचं कसं?

रातकिडा

अजिबात कापू नका. भांडी थांबतात, त्याच्या लगेच नंतर तो खोकला लावा.